डोस गुपचूप देऊन आणू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख लपवून)

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका बाईंनी लिहिलंय. वय २९, बँकेत नोकरी, एकत्र कुटुंब. मुलगी चौदा महिन्यांची. जन्माच्या वेळचे आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस वेळेवर झाले. नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस मात्र राहिला, कारण त्याच सुमारास जाऊबाईंच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं निदान झालं. तो आता साडेतीन वर्षांचा आहे. "दीड वर्षाचा डोस दिला आणि महिन्याभरात त्याचं 'आई', 'बाबा', 'भू भू' सगळं गेलं," असं जाऊबाई सांगतात आणि घरात ते सगळ्यांनी मानलंय. नवरा म्हणतो, "हिला नीट बोलायला लागू दे, तीन वर्षांची झाली की देऊ." लसीनंतर दगावलेल्या बेळगावच्या बाळांची बातमीही त्याने मोबाइलमध्ये ठेवली आहे. सासूबाई म्हणतात, "गोवर आम्हा सगळ्यांना येऊन गेला, काय झालं?" आशाताई दोनदा आल्या, दुसऱ्यांदा त्यांना दारातूनच परत पाठवलं. बाई विचारतात, "मला डोस द्यावा असं वाटतं, पण छातीठोक सांगता येत नाही. हाफ डे टाकून गुपचूप देऊन आणू का? आणि पुढे काही झालंच तर?"

ताई,

आधी उत्तर देऊन टाकते, मग बोलू. डोस द्या, याच महिन्यात द्या, पण गुपचूप देऊ नका.

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात समाजसेविका म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर माझं टेबल असायचं. आत "हो डॉक्टर" म्हणून आलेल्या आया माझ्यापाशी येऊन "पण मॅडम..." म्हणून सुरू करायच्या. त्या 'पण'मध्ये अडाणीपणा क्वचितच असायचा. त्यात प्राध्यापिका असायच्या, नर्स असायच्या, एकदा तर औषध दुकानदाराची बायको होती. भीती बहुतेक वेळा कुठल्या तरी खऱ्या मुलाला चिकटलेली असायची. कुणाच्या शेजाऱ्यांचं मूल, कुणाच्या मामेबहिणीचं, तुमच्या बाबतीत जावेचं. म्हणून तुमच्या घराला मी लसविरोधी म्हणणार नाही. साडेतीन महिन्यांपर्यंत एकही तारीख न चुकवलेलं घर आहे ते. आता घाबरलंय, एवढंच.

जाऊबाई खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करू या. काही स्वमग्न मुलांचे आलेले शब्द सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान खरोखर मावळतात. मूल नावाला ओ देईनासं होतं, नजर चुकवायला लागतं. आणि आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर हे सगळं येतं सोळा ते चोवीस महिन्यांत. म्हणजे नेमक्या त्याच काळात लाखो मुलांना सुई टोचली जाते. त्यांतल्या काहींचे शब्द सुई टोचली नसती तरी जाणारच होते. आईला दिसतं ते तिचं एकच मूल, आणि तिच्या आठवणीत आधी सुई येते, मग ती शांतता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, अशी आपल्याकडे म्हण आहे, पण ज्याच्या अंगावर फांदी पडली त्याला ती ऐकवू नये.

तुम्हाला स्वतःला खात्री हवी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. हा संशय जगभर पसरला तो १९९८ मध्ये, ॲण्ड्रू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या एका शोधनिबंधामुळे. त्यात मुलं होती फक्त बारा. पुढे नोंदी फिरवल्याचं उघड झालं, २०१० मध्ये तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. दरम्यान अनेक देशांनी हा प्रश्न गांभीर्याने तपासला. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. तुमच्या घराला लागू पडणारा अभ्यास अमेरिकेतला, २०१५ चा आहे. त्यात मोठं भावंड असलेली सुमारे ९५ हजार मुलं होती आणि काहींचं मोठं भावंड स्वमग्न होतं. अशा घरांतही लसीमुळे धाकट्याचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे "आपल्या घरात आहे म्हणून जपायला हवं" हा नवऱ्याचा तर्क माणूस म्हणून पटण्यासारखा आहे, पण सख्ख्या भावंडांतही तो टिकला नाही. तुमच्याकडे तर चुलत नातं आहे.

जपानची गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. गोवर-गालगुंड-रुबेला अशी तीन आजारांची लस त्यांनी १९९३ मध्ये बंद केली, कारण त्यातल्या गालगुंडाच्या घटकामुळे काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. दुष्परिणाम खरा होता, तो सापडला आणि लस थांबली. त्यानंतर योकोहामा शहरात पाहिलं, तर लस बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलांतही स्वमग्नतेचं निदान वाढतच होतं. (आपल्या सरकारी केंद्रांत मिळते त्या लसीत गालगुंड नाही, गोवर आणि रुबेला एवढंच असतं.)

आता "तीन वर्षांची झाली की देऊ" याबद्दल. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. डोस देणं म्हणजे काहीतरी करणं आणि थांबणं म्हणजे काहीच न करणं. सुई टोचून काही बिघडलं तर ते आपल्या हातून घडलं आणि गोवर झाला तर ते नशिबाने झालं, असा हा हिशेब आहे. तुमचे यजमान मुलीला जपतायत तसे स्वतःलाही त्या पश्चात्तापातून वाचवतायत. मी त्यांना दोष देत नाही, बाप असाच विचार करतो. पण थांबणं हाही निर्णयच आहे. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण नऊ महिन्यांच्या आसपास ओसरतं, म्हणून तर तो महिना ठरवलाय. तुमची मुलगी गेले पाच महिने उघड्यावर आहे. गोवर झालेला माणूस खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेल्या दहाजणांच्या अगदी जवळ रुग्ण आला तर नऊजणांना लागण होते. एवढा चिवट संसर्गजन्य आजार दुसरा शोधावा लागेल.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला, तेव्हा दगावलेली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. इतक्या लहान बाळांना लागण होत होती, की उद्रेकाच्या भागात नऊ महिन्यांच्याही आधी एक जादा डोस द्यायचं ठरलं. गोवराने न्यूमोनिया होतो, डोळे जाऊ शकतात. अंगाने पूर्वी कमावलेली प्रतिकारशक्तीही तो पुसून टाकतो, त्यामुळे पुरळ गेल्यावर कितीतरी महिने मूल या ना त्या आजाराने खंगत राहतं. आणि रुबेला हा खरं तर तुमच्या नातवंडांचा प्रश्न आहे. मुलीला तो झाला तर दोन दिवस ताप येऊन जाईल. गरोदरपणाच्या सुरुवातीला झाला तर पोटातलं बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयात दोष घेऊन जन्माला येऊ शकतं.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. एखाद्या दुपारी शेंगा फोडताना वगैरे विचारा, "आई, तुम्ही भावंडं किती होतात?" त्या आकडा सांगतील. मग विचारा, "आणि जगली किती?" मी हा प्रश्न कितीतरी आज्यांना विचारलाय. बहुतेकींच्या बोटांवर एखाददुसरं नाव उरायचंच. "तो होय, तो गोवरात गेला. मी लहान होते. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला घातला होता, घरात फोडणी बंद होती, एवढं आठवतं." 'आम्हा सगळ्यांना येऊन गेला' यातलं 'सगळ्यांना' तिथे जरा अडखळतं. सासूबाईंची सगळी भावंडं धडधाकट जगली असतील तर देवाची कृपा, विषय सोडून द्या.

बेळगावच्या बातमीवर नवऱ्याला "काहीतरी वाचत बसतो" असं म्हणू नका, कारण बातमी खरी आहे. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळं दगावली. चौकशीत बोट गेलं ते लसीच्या हाताळणीतल्या आणि साठवणुकीतल्या हलगर्जीपणाकडे. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि ऐन वेळी द्रावण घालून पातळ करतात. त्यानंतर चार तासांत ती वापरायची, उरली तर टाकून द्यायची, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. हा नियम मोडला की कुपीत जंतू वाढतात. तेव्हा यजमानांची शंका वाया घालवू नका, तिला कामाला लावा. त्यांनाच केंद्रावर न्या आणि विचारू द्या, "सिस्टर, कुपी किती वाजता फोडली?" वेळ कुपीवर लिहिलेली असते. सुई-सिरिंज नवं पाकीट फोडून काढली का, ते बघा. एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज असते, तिचा दट्ट्या पुन्हा मागे ओढता येत नाही. कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिकट हवा. गडद झाला असेल तर कुपीला उष्णता लागलीय. चांगली नर्स या प्रश्नांनी चिडत नाही, उलट कुपी हातात धरून दाखवते. आणि एखादी चिडलीच तर दुसऱ्या केंद्रावर जा, तेवढा हक्क आपला आहे.

पण ताई, तुमच्या घरात खरं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी, असं मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटलं.

एकत्र घरात मूल बोलत नाही म्हटल्यावर 'का?' हा प्रश्न जेवणाच्या ताटाशी रोज बसतो. त्याला उत्तर लागतं. दिवस असताना काय खाल्लं, ग्रहणात बाहेर कशाला गेली, मोबाइल दाखवून भरवत होती, तिच्या माहेरी कुणी तसं आहे का. ही सगळी उत्तरं एकाच बाईकडे बोट दाखवतात. लस हे एकमेव उत्तर असं आहे, जे जाऊबाईंच्या पदरात पडत नाही. तो आळ लसीने आपल्या अंगावर घेतलाय. उद्या तुम्ही मुलीला डोस दिलात आणि ती छान बडबडत राहिली, तर लसीवरचा आळ उतरेल. मग तो कुठे जाईल, हे जाऊबाईंना नेमकं माहीत आहे. म्हणून त्या घट्ट धरून बसल्या आहेत. आणि तुमचे यजमान बहुधा भावाच्या घरावर निकाल दिल्यासारखं होईल म्हणून गप्प आहेत. लसीचे कितीही आकडे तुम्ही पाठ केलेत तरी हा पेच त्याने सुटणार नाही.

त्यामुळेच गुपचूप नको. एकतर, ते लपत नाही. या डोसनंतर साधारण आठवडा-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ येतं. घरचे विचारतील आणि तुम्ही एकट्या घाबराल. डॉक्टरांनी विचारलं तर सगळ्यांसमोर खरं सांगताना जीभ अडखळेल. त्या महिन्यात मुलगी पायरीवरून पडली तरी तुमच्या मनात सुईच येईल. "पुढे काही झालंच तर" हे ओझं एकटीने वाहण्यासारखं नाही. शिवाय जाऊबाईंना कधीतरी कळेल, आणि त्यांना वाटेल, हिने आपल्याला वेडं ठरवलं, तेही पाठीमागे.

मात्र सांगणं आणि परवानगी मागणं यात फरक आहे. घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं, हे तुम्ही गृहीत धरलंय. ते सोडा. केंद्रावर नवऱ्याची सही कुणी मागत नाही, आई आली की पुरे. यजमानांना दहा-बारा दिवस द्या आणि तारीख आधीच सांगा. मधल्या काळात दोघं मिळून बालरोगतज्ज्ञांकडे जा, पण त्या दिवशी डोस घ्यायचा नाही हे आधी ठरवून जा. सुई समोर नसली की माणूस प्रश्न मोकळेपणाने विचारतो. माझ्या टेबलाशी कितीतरी बाप अशाने हलके झालेले मी पाहिलेत.

जाऊबाईंना तुम्ही स्वतः सांगा, आदल्या दिवशी, दोघीच असताना. शब्द तुमचे घ्या, पण साधारण असं : "ताई, उद्या हिला गोवराच्या डोसाला नेणार आहे. तुम्हाला त्रास होईल म्हणून मागून कळण्याआधी सांगतेय. डॉक्टरांशी बोलले, मला ते पटलं. तुम्ही त्याला डोस दिलात ते त्याच्या भल्यासाठीच दिलात, आणि त्याला जे झालं त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. घरात कुणी तसं बोललं तर मी आहे." शेवटचं वाक्य नुसतं बोलायचं नाही, पाळायचं आहे. पुढच्या वेळी कुणी 'हिच्या माहेरचं' म्हणालं तर तिथल्या तिथे तोंड उघडायचं. डॉक्टर आज जे सांगतात ते हेच, की स्वमग्नतेत मोठा वाटा जन्माआधीच्या, जनुकांच्या घडणीचा असतो. तो आई-बापांपैकी कुणी निवडलेला नसतो.

एक गोष्ट चुकूनही करू नका. पुतण्याच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ घरात असेल. स्वमग्न मुलांच्या अशाच घरगुती चित्रफिती अभ्यासकांनी पूर्वी तपासल्या, तेव्हा पहिल्या वाढदिवशीच ही मुलं माणसांच्या चेहऱ्याकडे कमी बघताना, हाकेला कमी ओ देताना दिसली होती. तुम्हाला तो व्हिडिओ लावून बघायचा मोह होईल. बघा हवं तर, पण जाऊबाईंना दाखवू नका. "बघा, आधीपासूनच होतं" हे वाक्य लसीला निर्दोष सोडेल आणि त्या आईला 'माझ्या लक्षात कसं आलं नाही' यात कायमचं अडकवेल.

त्यापेक्षा त्यांच्याबरोबर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एक फेरी मारा. वाचा-उपचार आणि वर्तन-उपचार साडेतीनाव्या वर्षी सुरू झाले तर पुष्कळ फरक पडतो. पुतण्याचा पाच वर्षांचा डोस चुकू नये हेही तिथल्या डॉक्टरांकडूनच कळू द्या. घटसर्प, डांग्या खोकला ही दुखणी त्याला झाली तर सांगता न येणाऱ्या मुलाचे हाल दुप्पट होतात.

डोसाच्या दिवशीचं थोडं. साधी सर्दी, वाहतं नाक यासाठी डोस पुढे ढकलू नका. खूप ताप असेल तर ढकला. आधीच्या एखाद्या डोसाला अंगावर मोठी रिॲक्शन आली होती का, घरात कुणाला तापात झटके येतात का, मुलीला काही मोठं औषध चालू आहे का, हे आधीच सांगा. सुई उजव्या दंडावर देतात. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसा. अ‍ॅलर्जीची गंभीर रिॲक्शन फारच दुर्मीळ असते, पण आली तर त्या अर्ध्या तासात आणि उपाय हाताशी असताना आलेली बरी. पुढे ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, पण आधीपासून 'येऊ नये म्हणून' देऊ नका. तापात झटका येण्याचं प्रमाण काही हजारांत एखादं आहे. आलाच तर मुलीला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही, आणि दवाखाना गाठायचा. दिसायला भयंकर दिसतं, पण अशा झटक्याने मेंदूला इजा होत नाही.

असेच डोस राहिलेले बरेच वाचक असतील, त्यांच्यासाठीही सांगते. मधला डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिला तिथून पुढे जायचं. गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रांत पाच वर्षांपर्यंत फुकट मिळते. उशीर झाला म्हणून नर्स ओरडेल या लाजेने पुढचेही डोस बुडवणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. ओरडली तर ओरडू द्या, दोन मिनिटांचं काम असतं. खासगी दवाखान्यात द्यायचं असेल तर तिथे द्या, पण महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं काही नसतं.

आणि आशाताईंना एक फोन करा. दारातून परत गेलेली बाई पुढच्या वेळी तुमच्या दाराशी यायला कचरते. चहाला बोलवा म्हणजे झालं.

मुलीचा दुसरा डोस सोळा महिने पूर्ण झाल्यावर, आणि या डोसानंतर निदान महिनाभराने. त्या दिवशी त्रिगुणीचा बूस्टरही असेल, म्हणजे दोन सुया आणि पोलिओचे थेंब. सिस्टर कार्डावर तारीख लिहून देतील. ती मोबाइलमध्येही टाकून ठेवा. तुमच्या नको, नवऱ्याच्या.